कवितेची उत्क्रांती : जनुकीय अल्गोरिदम आणि मराठी शेर

जनुकीय अल्गोरिदम ही संगणकाकडून उत्तर शोधून घेण्याची एक रीत आहे. जिथे शक्य उत्तरे अगणित असतात आणि त्यांतले चांगले कोणते हे एकेक तपासून ठरवता येत नाही, तिथे ती उपयोगी पडते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये ग्रंथ लिहून या रीतीची शास्त्रीय बैठक घालून दिली. सजीवांच्या उत्क्रांतीत जे घडते तेच येथे आकड्यांच्या आणि अक्षरांच्या रूपात घडवले जाते. पुलांची रचना, विमानाच्या पंखाचा आकार, कारखान्यातील कामांचे वेळापत्रक अशा अनेक ठिकाणी ही रीत वापरली गेली आहे. तिचा एक कमी परिचित उपयोग म्हणजे कविता.

रीतीचे टप्पे मोजके आहेत. आधी यादृच्छिक उत्तरांचा एक समूह तयार करायचा, ही पहिली पिढी. प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. जास्त गुणांची उत्तरे पालक म्हणून निवडायची. दोन पालकांचे तुकडे एकत्र करून अपत्य बनवायचे, याला संकर म्हणतात. अपत्यात क्वचित एखादा घटक आपोआप बदलू द्यायचा, हे उत्परिवर्तन. अशी नवी पिढी तयार झाली की तिलाही गुण द्यायचे आणि हेच चक्र शेकडो वेळा फिरवायचे. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हा क्रम समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत. १९७० मध्ये गुजरातेत तयार झालेला एच-४ हा संकरित कापूस किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रिड-२ याच तत्त्वावर उभा राहिला. दोन वाणांचा संकर करायचा, संतती पारखायची, उत्तम तेवढी ठेवायची. फरक इतकाच की शेतात एका पिढीला एक हंगाम लागतो आणि संगणकात सेकंदाचा काही भाग.

संगणकाची कविता : निवडीपूर्वीचा काळ

संगणकाने मजकूर रचण्याचे प्रयत्न संगणकाइतकेच जुने आहेत. १९५२ मध्ये मँचेस्टर येथे क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी प्रेमपत्रे लिहिणारा प्रोग्रॅम बनवला. ठरलेल्या साच्यात विशेषणे, नामे आणि क्रियाविशेषणे यांची यादृच्छिक भर घालून तो पत्र पुरे करी. १९५९ मध्ये जर्मनीत टेओ लुट्झ यांनी काफ्काच्या 'द कासल' या कादंबरीतले शब्द घेऊन वाक्ये जुळवली. फ्रेंच लेखक रेमाँ केनो यांनी १९६१ मध्ये संगणकाशिवायच हा प्रकार करून दाखवला. त्यांच्या पुस्तकात दहा सुनीते आहेत आणि प्रत्येकाच्या चौदा ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर छापल्या आहेत. कोणतीही पट्टी उलटली की नवे सुनीत तयार होते. अशा सुनीतांची संख्या १० चा चौदावा घात, म्हणजे शंभर लाख कोटी एवढी होते.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे निवड. शब्द जुळत गेले, पण जुळलेल्यांतले बरे कोणते आणि टाकाऊ कोणते हे यंत्राने ठरवले नाही. निवडीचे बळ किती मोठे असते हे रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ मध्ये एका साध्या प्रोग्रॅमने दाखवले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातली २८ चिन्हांची एक ओळ त्यांनी लक्ष्य म्हणून ठेवली. २६ अक्षरे आणि एक मोकळी जागा यांतून ती ओळ निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. पण प्रत्येक पिढीत लक्ष्याच्या सर्वांत जवळची ओळ राखून तिच्यात किरकोळ बदल करत गेल्यावर पहिल्याच प्रयोगात ४३ पिढ्यांत ती ओळ तयार झाली.

कवितेच्या बाबतीत मात्र डॉकिन्स यांचा प्रयोग जसाच्या तसा चालत नाही. तिथे लक्ष्य आधीपासून ठाऊक होते. कविता लिहिताना शेवटची ओळ कोणालाच ठाऊक नसते, फक्त ती कशी असावी याची अपेक्षा असते. म्हणून सगळा भार गुण देण्याच्या पद्धतीवर येतो. यंत्राला चांगली कविता कशाला म्हणायचे हे जेवढे नेमके सांगता येईल, तेवढीच चांगली कविता ते शोधून आणील.

तीन कसोट्या

या विषयावरचे सर्वांत पद्धतशीर काम हिसार मनुरुंग यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात पीएच.डी.साठी केले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी 'मॅकगोनागल' नावाची प्रणाली उभी केली. वाईट कवितांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका स्कॉटिश कवीचे नाव त्यांनी तिला दिले होते. त्यांनी कवितेच्या तीन कसोट्या ठरवल्या. मजकूर व्याकरणशुद्ध हवा, त्यातून काही अर्थ पोचायला हवा आणि त्यात काव्याचे गुण, म्हणजे लय, छंद, यमक यांसारखी वैशिष्ट्ये हवीत. यातली एखादी कसोटी सुटली की उरते ते दुसरेच काहीतरी. व्याकरण आणि अर्थ आहेत पण छंद नाही, तर ते साधे गद्य. छंद आणि व्याकरण आहेत पण अर्थ नाही, तर ती निरर्थक रचना.

मनुरुंग यांच्या कामातून पुढे आलेली अडचण नंतरच्या सर्वच प्रयोगांत दिसते. छंद एकटा साधणे यंत्राला सोपे जाते. ठरलेला अर्थ एकटा साधणेही जमते. दोन्ही एकाच ओळीत साधायचे म्हटले की एकाचे गुण वाढवताना दुसऱ्याचे घटतात. कवीचीही अडचण हीच असते. अर्थाला हवा तो शब्द वृत्तात बसत नाही आणि वृत्तात बसतो तो अर्थाला पुरत नाही.

मराठीची तयार मोजपट्टी

छंदाच्या बाजूने मराठीचे पारडे जड आहे. इंग्रजीत कोणत्या अक्षरावर आघात येतो हे शब्दकोशात पाहावे लागते. मराठी वृत्तात मात्र अक्षर लिहिले की त्याचे वजन बहुतेक ठरते. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे, अनुस्वाराचे, विसर्गाचे किंवा आघातयुक्त जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. लघूला 'ल' आणि गुरूला 'गा' म्हटले की 'कपाशी' हा शब्द 'लगागा' होतो आणि 'पैनगंगा' हा 'गालगागा'.

लघु-गुरू ही दोनच चिन्हे असल्यामुळे छंदःशास्त्र हे मुळातच दोन चिन्हांचे गणित आहे. पिंगलाने छंदःसूत्रांत या चिन्हांच्या सर्व शक्य रचना क्रमाने मांडण्याची 'प्रस्तार' ही रीत दिली. तीन अक्षरांचे आठ गण होतात, कारण दोनाचा तिसरा घात आठ. बारा अक्षरांच्या चरणाचे ४,०९६ प्रस्तार होतात, कारण दोनाचा बारावा घात तेवढा आहे. त्यांतला एक म्हणजे 'लगागा' चार वेळा, म्हणजेच भुजंगप्रयात. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांमुळे हे वृत्त मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आले आहे. मराठीतल्या वृत्तांची आणि छंदांची शास्त्रीय मांडणी माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात केली. यंत्राला द्यायचे नियम या परंपरेत लिहूनच ठेवलेले आहेत.

तरीही संगणकाला ते सांगताना काळजी घ्यावी लागते. 'उन्हाळा' या शब्दात माणसाला तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या स्मृतीत मात्र उ, न, हलन्ताचे चिन्ह, ह, काना, ळ आणि काना अशी सात चिन्हे साठवलेली असतात. आधी या चिन्हांची अक्षरे करावी लागतात, मग वजन मोजता येते. दुसरा प्रश्न उच्चाराचा. 'न्हा' हे जोडाक्षर आहे म्हणून यंत्र 'उ' ला गुरू ठरवील. पण म्हणताना 'उ' वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. 'तुम्ही', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' यांतही तसेच. हे अपवाद यंत्राला स्वतंत्रपणे शिकवावे लागतात. तिसरा प्रश्न सवलतींचा. वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करण्याची मुभा कवीला शुद्धलेखनाच्या नियमांनीच दिली आहे. यंत्राला ती मुभा दिली तर किती द्यायची आणि तिच्यासाठी किती गुण कापायचे, हे ठरवावे लागते.

एका ओळीची उत्क्रांती

ही रीत प्रत्यक्ष कशी चालते हे भुजंगप्रयातातल्या एका ओळीवर पाहता येते. पुढील ओळी केवळ स्पष्टीकरणासाठी रचल्या आहेत. शब्दसाठा शेतशिवारातला आहे : कपाशी, ढगांनी, शिवारी, उन्हाळा, भरावे, भिजावी, पांढरी, माती, सारी आणि असेच आणखी काही. प्रत्येक शब्द हे जनुक आणि चार शब्दांची ओळ हे गुणसूत्र.

समजा पहिल्या पिढीत या दोन ओळी आल्या :

ढगांनी उन्हाळा कपाशी भिजावी
शिवारी भरावे पांढरी माती

पहिली ओळ वृत्तात अचूक आहे. चारही शब्द 'लगागा'. पण 'ढगांनी उन्हाळा' या दोन शब्दांना जोडणारे क्रियापद नाही. दुसऱ्या ओळीचे पहिले दोन शब्द वृत्तात आहेत. 'पांढरी' हा 'गालगा' आणि 'माती' हा 'गागा' असल्याने पुढचा अर्धा भाग कोसळतो आणि एक अक्षरही कमी पडते.

आता दोन्ही ओळी मधोमध, म्हणजे दुसऱ्या शब्दानंतर, तोडून संकर केला तर दोन अपत्ये होतात :

शिवारी भरावे कपाशी भिजावी
ढगांनी उन्हाळा पांढरी माती

दुसऱ्या अपत्यात दोन्ही पालकांचे दोष एकत्र आले. त्याला कमी गुण पडतात आणि पुढच्या पिढीत त्याचा वंश उरत नाही. पहिल्या अपत्याचे वृत्त पूर्ण आहे आणि 'कपाशी भिजावी' हा भागही व्याकरणात बसतो. उणीव एकच, 'भरावे' कोणी? उत्परिवर्तनात 'शिवारी' या शब्दाच्या जागी योगायोगाने 'ढगांनी' आला की ओळ होते :

ढगांनी भरावे, कपाशी भिजावी

'ढगांनी भरावे' हा भावे प्रयोग झाला. 'कपाशी भिजावी' यात कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद आले. अर्थ लागला आणि वृत्तही पूर्ण राहिले. कोणीही ही ओळ 'लिहिलेली' नाही. दोन सदोष ओळींतले दोन चांगले तुकडे एकत्र आले, एक शब्द बदलला आणि वाईट संतती गळून पडली.

गुण मोजण्याची पद्धत चुकली तर मात्र चांगली संततीही गळून पडते. 'सारी कपाशी ढगांनी भिजावी' ही ओळ घ्या. आरंभीचे एक लघु अक्षर कमी असल्यामुळे पुढची सगळी अक्षरे एकेक जागा सरकली आहेत. अक्षरांखाली अक्षरे ठेवून मोजले तर बारांपैकी फक्त चार जागा जुळतात आणि ओळ जवळजवळ निकामी ठरते. प्रत्यक्षात ती पूर्ण वृत्तापासून एकाच दुरुस्तीच्या अंतरावर आहे. 'सारी' च्या जागी 'शिवारी' आला की झाले. म्हणून जागा जुळतात की नाही हे न पाहता, ओळ वृत्तात आणायला किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतील हे मोजतात. या मोजणीत 'सारी कपाशी' या ओळीला एक दुरुस्ती लागते आणि 'शिवारी भरावे पांढरी माती' या ओळीला तीन. मनुरुंग यांनी छंद जोखण्यासाठी याच प्रकारची मोजणी वापरली.

शोधाचा पसारा किती मोठा आहे तेही पाहण्यासारखे आहे. 'लगागा' वजनाचे फक्त २०० शब्द घेतले तरी त्यांच्या चार शब्दी ओळी १६० कोटी होतात. दोन ओळींचा शेर करायचा म्हटले तर १६० कोटी गुणिले १६० कोटी. एवढ्या सगळ्या ओळी तपासणे व्यर्थ आहे. काही शे ओळींची पिढी घेऊन निवड आणि संकर करत राहिले की शोध आपोआप चांगल्या भागाकडे सरकत जातो.

एकसुरीपणाचा धोका

या वाटेवर एक ठरलेला धोका आहे. 'लगागा' या वजनात मराठीतली विध्यर्थी क्रियापदे फार सहज बसतात : करावे, म्हणावे, भिजावी, सरावा. त्यामुळे भुजंगप्रयातात गुण मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ओळ विध्यर्थी करणे. काही पिढ्यांतच सगळ्या ओळी 'असे व्हावे, तसे व्हावे' म्हणू लागतात. ठरावीक शब्दांची संतती सगळीकडे पसरते आणि बाकीचे शब्द नाहीसे होतात. मग संकर कितीही केला तरी नवे काही येत नाही, कारण दोन्ही पालक सारखेच असतात.

यावर तीन उपाय केले जातात. उत्परिवर्तनाचे प्रमाण थोडे वाढवायचे. एकमेकींशी फार साम्य असणाऱ्या ओळींचे गुण कापायचे. आणि सर्वांत जास्त गुणांच्याच ओळी न निवडता, चार-पाच ओळींचा गट काढून त्यातली सरस ओळ घ्यायची, म्हणजे मध्यम ओळींनाही पुढे जाण्याची संधी राहते. उत्परिवर्तन फार वाढवले तर जमलेल्या ओळीही विस्कटतात, म्हणून हा तोल प्रयोग करूनच साधावा लागतो.

अर्थाला गुण कसे द्यायचे

वृत्त मोजता येते, यमक तपासता येते, लिंगवचनाचा मेळही पाहता येतो. अर्थाचे काम अवघड आहे. त्यासाठी दोन प्रकारची साधने मराठीत उपलब्ध आहेत. मुंबईच्या आयआयटीमध्ये तयार झालेले मराठी वर्डनेट शब्दांचे अर्थसंबंध नोंदवते : कोणता शब्द कोणाचा समानार्थी, कोणता कोणाचा प्रकार, कोणता कोणाचा भाग. 'कपाशी' हे पीक आहे आणि पीक भिजू शकते, अशा संबंधांवरून ओळीतले शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत की नाहीत हे ताडता येते. दुसरे साधन म्हणजे मोठ्या मजकुरावर शिकवलेली भाषा-प्रारूपे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये 'महाबर्ट' हे मराठी प्रारूप खुले केले. शब्दांचा एखादा क्रम मराठीत स्वाभाविक वाटतो की अडखळतो, याचा अंदाज असे प्रारूप देऊ शकते.

इथेही एक पेच आहे. स्वाभाविक म्हणजे पुन्हापुन्हा वापरलेले. ज्या शब्दांची सोबत मराठी मजकुरात सतत दिसते तिलाच अशी साधने जास्त गुण देतात. कवी मात्र न जुळणारे दोन शब्द शेजारी ठेवून अर्थ उजळवतो. केवळ स्वाभाविकतेला गुण दिले तर यंत्र गुळगुळीत ओळी निवडते आणि केवळ नावीन्याला दिले तर निरर्थक.

शेराची परीक्षा

हा पेच सर्वांत ठळक दिसतो तो शेरात. यवतमाळचा या काव्यप्रकाराशी जुना संबंध आहे. वासुदेव वामन पाटणकर (१९०८–१९९७), म्हणजे भाऊसाहेब पाटणकर, यांनी यवतमाळात वकिली केली. शिकारी म्हणूनही त्यांचा लौकिक होता आणि मराठी शायरीला स्वतःचा चेहरा देणारे शायर म्हणून ते महाराष्ट्रभर ओळखले गेले. 'मराठी शायरी', 'दोस्तहो!' ही त्यांची पुस्तके वाचकांनी हातोहात उचलली आणि त्यांच्या मैफली गाजल्या. शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी गझलेचे तंत्र 'गझलेची बाराखडी' मध्ये नव्या कवींसाठी सोपे करून मांडले. वऱ्हाडाच्या या पट्ट्यात शेर हा लिहिण्याइतकाच ऐकवण्याचा आणि ऐकण्याचा प्रकार राहिला आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला दोनदा भरले, १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली.

गझलेचे नियम यंत्राच्या हाती देण्याजोगे आहेत. सगळ्या शेरांचे वृत्त एक. पहिल्या शेराच्या, म्हणजे मतल्याच्या, दोन्ही ओळींत आणि पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया, म्हणजे यमक. रदीफ असेल तर काफियानंतर तेच शब्द पुन्हा. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन होते. शिवाय प्रत्येक शेर अर्थाच्या दृष्टीने स्वतंत्र असतो. ही शेवटची गोष्ट जनुकीय अल्गोरिदमच्या फार सोयीची आहे. हॉलंड यांच्या मते ही रीत यशस्वी होते ती लहान, सुट्या आणि गुणी तुकड्यांच्या जोरावर. पिढ्या सरत जातात तसे असे तुकडे टिकतात आणि एकत्र येतात. अखंड कथाकाव्य मधोमध तोडले तर अर्थ तुटतो. एकाच जमिनीवरच्या दोन गझला शेरांच्या सीमेवर तोडून त्यांचे शेर अदलाबदल केले तर अर्थाला धक्का लागत नाही.

पण शेराचा प्राण त्याच्या कलाटणीत असतो. पहिली ओळ ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा उभी करते आणि दुसरी ओळ ती अनपेक्षित वळणावर नेऊन पुरी करते. आधी तयार झालेल्या ओळीला दोन जोड देऊन हे तपासता येते.

ढगांनी भरावे, कपाशी भिजावी
रिकामी नदीही भरूनी वहावी

ढगांनी भरावे, कपाशी भिजावी
तरीही उधारी उशाला असावी?

दोन्ही जोड्यांत वृत्त निर्दोष आहे. यमक सारखेच जुळते, व्याकरणही ठीक आहे. यंत्राच्या गुणपत्रिकेत पहिली जोडी कदाचित पुढे राहील, कारण ढग, भिजणे, नदी, वाहणे हे शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत. ऐकणाऱ्याच्या लेखी पहिली जोडी एकाच गोष्टीचे दोनदा केलेले वर्णन आहे. दुसरीत पाऊसपाणी झाल्यावरही उशाशी बसलेले कर्ज समोर येते, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. 'तरीही' या एका शब्दाने पहिल्या ओळीचा अर्थही मागाहून बदलतो. हा बदल मोजणारे सूत्र अजून कोणी लिहिलेले नाही.

गुण देणारा माणूस

सूत्र लिहिता येत नसेल तर गुण देण्याचे काम माणसाकडे सोपवता येते. 'डार्विनियन पोएट्री' या प्रयोगात हेच केले होते. यादृच्छिक शब्दांच्या ओळींपासून सुरुवात झाली. इंटरनेटवरून येणाऱ्या वाचकासमोर दोन रचना ठेवल्या जात आणि तो त्यांतली आवडलेली निवडे. निवडलेल्या रचनांचा संकर होई, नाकारलेल्या मागे पडत. यंत्राला अर्थ, व्याकरण, छंद यांतले काहीही शिकवलेले नव्हते. सगळी पारख वाचकांची होती.

या पद्धतीची मर्यादा माणसाच्या थकव्यात आहे. यंत्र एका सेकंदात हजारो ओळींचे वृत्त तपासते. माणूस पन्नास ओळी वाचून कंटाळतो आणि पहिल्या ओळीला लावलेली कसोटी शेवटच्या ओळीला लावत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ घालणे श्रेयस्कर ठरते. वृत्त, यमक, व्याकरण यांची चाळणी यंत्राने करावी, आणि तिच्यातून उरलेल्या थोड्या शेरांना दाद द्यायची की नाही हे रसिकांनी ठरवावे. मैफलीत शायराचे शेर याच कसोटीवर टिकत किंवा गळत आले आहेत. ज्या शेराला 'क्या बात है' मिळाली तो पुढच्या मैफलीत पुन्हा म्हटला जातो.

दाद देणारे बदलले की निवडही बदलते, आणि इथे बोलीचा प्रश्न येतो. वऱ्हाडीत 'ळ' च्या जागी पुष्कळदा 'य' येतो : 'शाळा' ची 'शाया' होते, 'डोळे' चे 'डोये'. लघु-गुरूत त्याने काहीच फरक पडत नाही, 'शाळा' आणि 'शाया' दोन्ही 'गागा'. यमकात मात्र मोठा फरक पडतो. प्रमाण मराठीत 'शाळा' चे यमक 'माया' शी जुळत नाही, वऱ्हाडीत ते चपखल जुळते. केवळ प्रमाण भाषेच्या शब्दकोशावर शिकवलेले यंत्र अशा जोडीला चूक म्हणून गुण कापील. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबचे शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' मधून आणि आपल्या कवितांतून वऱ्हाडीची ताकद महाराष्ट्राला दाखवली. ज्या यंत्राला ही बोली ठाऊक नाही, त्याच्या हातून तिच्यातली उत्तम ओळ पहिल्याच पिढीत मारली जाईल.

आजचे स्थान आणि पुढचे काम

२०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेली मोठी भाषा-प्रारूपे मागताक्षणी मराठी कविता लिहून देतात, तेव्हा या संथ रीतीचे काम काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्या प्रारूपांचे शब्दज्ञान अफाट आहे, पण ती मजकूर अक्षरांच्या वजनाने तोलत नाहीत. त्यामुळे ओळ गोड वाटली तरी वृत्तात लंगडते. शिवाय एखादा शब्द का निवडला हे त्यांच्याकडून कळत नाही. जनुकीय अल्गोरिदममध्ये प्रत्येक ओळीचे गुण, तिचे पालक आणि तिच्यात झालेला बदल यांचा हिशेब राहतो. विद्यार्थ्याला वृत्त आणि संगणन एकाच वेळी शिकवायला त्याइतके चांगले साधन नाही. नवे शब्द सुचवण्याचे काम भाषा-प्रारूपाने आणि निवडीचे काम जनुकीय अल्गोरिदमने करावे, अशी जोडही शक्य आहे.

अशा कवितेचा कर्ता कोण, याचे कायद्यापुरते उत्तर भारतात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाने निर्माण केलेल्या साहित्यकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. जनुकीय अल्गोरिदमच्या बाबतीत हे उत्तर पटण्यासारखे आहे. ओळी यंत्र जुळवते, पण शब्दसाठा, वृत्त आणि गुणांचे नियम माणूस ठरवतो, आणि कवितेचा दर्जा त्या नियमांपलीकडे जात नाही.

म्हणूनच मराठीसाठी पहिले काम अल्गोरिदमचे नाही, शब्दसाठ्याचे आहे. प्रत्येक शब्दापुढे लघु-गुरू क्रम, लिंग, यमकाचा शेवट आणि बोलीतले रूप नोंदवलेली एक खुली यादी हवी. ती करायला महागडी यंत्रे लागत नाहीत. वृत्ते जाणणारा मराठीचा शिक्षक, संगणक शिकणारे काही विद्यार्थी आणि वऱ्हाडी बोलणारी माणसे एवढे पुरेसे आहे, आणि यवतमाळच्या महाविद्यालयांत हे तिन्ही एका आवारात भेटतात. जिल्ह्यातल्या मराठी विभागांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळून ही यादी हाती घ्यावी. तिच्यावर चाललेल्या प्रयोगातून एकही अमर शेर निघाला नाही, तरी वऱ्हाडी शब्दांचा मोजूनमापून केलेला संग्रह मराठीच्या पदरी कायमचा पडेल.